स्लॉट कार ट्रॅकचा व्होल्टेज लेननुसार कमी-जास्त करायचाय, कमी खर्चात

रातराणी (नाशिक)
नमस्कार. नणंदेने न्यू जर्सीहून मुलांसाठी १:४३ मापाचा स्लॉट कार सेट आणला (ट्रॅकच्या खाचेतून पळणाऱ्या विजेच्या गाड्या, हातातल्या कंट्रोलरचा चाप दाबला की पळतात). दोन लेन, आठच्या आकाराचा ट्रॅक. सोबतचा अडॅप्टर फक्त १२० व्होल्टचा निघाला. प्लगात घालण्याआधी त्याच्यावरची बारीक अक्षरं वाचली म्हणून वाचला, आपल्या २३० वर लगेच गेला असता. आउटपुट १४.८ व्होल्ट लिहिलंय.

मग कोपऱ्यावरच्या लाइटवाल्याकडून एलईडी पट्टीसाठी वापरतात तो पत्र्याच्या पेटीतला १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा सप्लाय आणला. ४५० रुपये पडले. गाड्या छान पळतात. मुलगी दहा वर्षांची, तिला वळणाआधी चाप सोडायचं जमलं. मुलगा सहाचा. तो चाप दाबतो तो पूर्णच दाबतो, आणि पहिल्याच वळणाला गाडी खाचेतून उडून दिवाणाखाली जाते. तीन दिवस असं झाल्यावर आता तो खेळायला बसत नाही, ताईची गाडी पडली की उचलून द्यायला तेवढा बसतो. ते बघवत नाही.

मला त्याच्या एकट्याच्या लेनचा जोर कमी करायचा आहे. मल्टिमीटर घरात आहे, डाग देता येतो. अजून पाचशेच्या आत काय होईल?

वळणवाट (पुणे)
रातराणीताई, तुमच्या सप्लायवर टर्मिनलच्या शेजारी एक बारीक स्क्रू असेल, त्यानं आउटपुट साधारण एक-दीड व्होल्ट वर-खाली होतो. पण तेवढ्यानं काम भागणार नाही, आणि तो स्क्रू २३० व्होल्टच्या टर्मिनलला अगदी लागून असतो. फिरवायचाच तर प्लास्टिकच्या पेचकसानं. शिवाय त्यानं दोन्ही लेन एकदमच खाली येतील, तुम्हाला हवी एकच.

किती कमी करायचं त्याचा अंदाज देतो. मोटरचा वेग ढोबळमानानं व्होल्टेजच्या प्रमाणात असतो, पण वळणावर गाडीला बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे १२ चे ८.५ केले तर वेग सत्तर टक्के राहतो आणि फेकणारा जोर निम्म्यावर येतो. मुलाला गाडी रखडल्यासारखी वाटणार नाही आणि वळण मात्र पार होईल. मी ८.५ पासून सुरुवात केली असती.

पंखा_चालू (कल्याण)
एवढा विचार कशाला, सप्लायच्या आधी पंख्याचा रेग्युलेटर लावा. दीडशे रुपयांत काम. घरात जुना पडलेला असेल तर फुकट.

सोल्डरकाका (सांगली)
नको! हे मी कळकळीने सांगतो आहे. चाळीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत गेली, असे जळलेले सप्लाय पुष्कळ उघडले आहेत.

रातराणीताईंकडचा एसएमपीएस (स्विचिंगवर चालणारा इलेक्ट्रॉनिक सप्लाय) आहे. त्याचं कामच असं की आत काहीही आलं तरी बाहेर १२ च द्यायचे. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरनं आतली लहर कापली की तो तेवढीच शक्ती मिळवायला तुटक तुटक झटक्यांत जास्त करंट ओढतो. बाहेर १२ चे १२ च राहतात, आतला रेक्टिफायर आणि कपॅसिटर तापतात, आणि शेवटी सप्लाय एक तर बंद-चालू करत बसतो किंवा जातो. जुना लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर असेल तर दुसरी अडचण. रेग्युलेटरमधला ट्रायॅक (लहर कापणारा भाग) लहरीच्या दोन्ही अर्ध्या बाजू अगदी सारख्या कापेलच असं नाही. फरक राहिला की प्रायमरीतून थोडा डीसी वाहतो, गाभा संपृक्त होतो आणि वेटोळं जळतं. पोरांच्या खेळण्यात २३० च्या बाजूला हात घालायचाच नाही. जे काय करायचं ते १२ व्होल्टच्या बाजूला.

डिमरस्टॅटबद्दलही (फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) कोणी सांगेल म्हणून आधीच लिहितो. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या आधी डिमरस्टॅट चालतो, पूर्वी लोक लावायचे. पण त्याच्या एकट्याच्या आउटपुटला मेन्सपासून अलगपणा नसतो, आतमध्ये एकच वेटोळं असतं. त्याचं आउटपुट कितीही कमी दिसलं तरी ते थेट ट्रॅकला जोडणं जिवावर बेतू शकतं.

आता उपाय. आज रात्री होईल असा: डायोड.

सिलिकॉन डायोडमधून करंट गेला की साधारण ०.७ व्होल्ट तिथेच पडतो. करंट थोडा असो की जास्त, हा आकडा फार हलत नाही. पाच डायोड एकामागोमाग जोडले की ३.५ व्होल्ट गेले, १२ चे ८.५ राहिले. १एन४००७ घेऊ नका, तो एक अँपिअरचा, हाताला चटका देईल. १एन५४०८ घ्या, तीन अँपिअरचा. सगळ्यांच्या अंगावरच्या पट्टीची बाजू एकाच दिशेला.

रातराणी
काका, खूप आभार. एक शंका. डायोडऐवजी एखादा वायरवाउंड रेझिस्टर टाकला तर? माझ्याकडे १० ओहम १० वॉटचे दोन पडलेत.

सोल्डरकाका
रेझिस्टरनं गाडी नेमकी उलट वागेल. गाडी सपाटीला ०.३ अँपिअर घेते असं धरा. १० ओहमवर ३ व्होल्ट पडले, गाडीला ९ मिळाले. ठीक. पण थांबलेली गाडी सुटताना पाऊण अँपिअर मागते, तेव्हा साडेसात पडले, गाडीला साडेचार. ती जागची हलायला कुरकुरते. आणि सरळ पट्ट्याच्या शेवटी, वेग पुरता आल्यावर, करंट कमी होतो आणि व्होल्टेज चढतो. म्हणजे सुटताना मंद आणि वळणाच्या तोंडाशी सर्वात जोरात. मुलासाठी याहून वाईट काही नाही. डायोडला हा दोष नाही.

वळणवाट
काकांच्या डायोडला पूर्ण अनुमोदन. फक्त ते कुठे बसवायचे हे महत्त्वाचं आहे. ताई, तुमच्या कंट्रोलरला वायरी किती? दोन की तीन?

दोन असतील तर अगदी सोपं. कंट्रोलर लेनच्या मालिकेतच असतो, म्हणून मुलाच्या कंट्रोलरची कोणतीही एक वायर कापून मध्ये डायोडची माळ घालायची. ट्रॅक उघडायलाच नको. गाडी हललीच नाही तर माळ उलटी लावा.

तीन असतील तर तिसरी वायर ब्रेकची. चाप सोडला की कंट्रोलर मोटरची दोन टोकं एकमेकांना जोडतो, मोटर क्षणभर जनरेटर होते आणि गाडी आवळली जाते. त्या वेळी मोटरच्या वायरीतून करंट उलटा वाहतो. डायोड मोटरकडच्या वायरीत बसवले तर ते हा उलटा करंट अडवतात आणि ब्रेकच मरतो. तीन वायरींच्या कंट्रोलरला डायोड फक्त सप्लायकडून येणाऱ्या वायरीत. ही चूक मी माझ्या १:३२ च्या ट्रॅकवर केली होती, आणि दोन आठवडे गाडीचे ब्रश बदलत बसलो होतो.

रातराणी
दोन वायरी आहेत. डायोड उद्या आणते.

प्रयोगशाळा (कोल्हापूर)
शाळेच्या प्रयोगशाळेतला बॅटरी एलिमिनेटर कोणाला आठवला नाही का? पुढे गोल खटका, २-४-६-८-१०-१२. जुन्या बाजारात दोन-तीनशेत मिळतो, आणि २३० चं सगळं पेटीत बंद असतं. आमच्या घरी मुलं त्याच्यावरच गाड्या चालवतात.

पण त्याचे गुणदोष माहीत हवेत. साधा एलिमिनेटर रेग्युलेटेड नसतो. आमचा ८ वर ठेवला की बिनभारी ११ च्या वर दाखवतो आणि दोन गाड्या धावू लागल्या की ८ च्या आसपास येतो. यातून एक विचित्र गोष्ट घडते. एका मुलाची गाडी उडाली की भार निम्मा होतो, व्होल्टेज उडी मारतो, आणि दुसऱ्याची नीट चाललेली गाडीही पुढच्या वळणाला उडते. मुलं म्हणायची “तू पडलास म्हणून मी पडलो”, आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं! दोन लेनला दोन वेगळे एलिमिनेटर दिल्यावर हे थांबलं.

वळणवाट
सर, हे फार चांगलं सांगितलंत. अनेक जण याचा दोष गाडीला देतात.

बोरिवली_फास्ट
माझ्याकडे जुन्या डेस्कटॉपचा सप्लाय आहे. हिरवी वायर काळीला जोडली की चालू होतो. पिवळी १२, लाल ५, नारिंगी ३.३. पिवळी आणि लाल यांच्यामध्ये जोडलं तर ७ व्होल्ट मिळतात, पिवळी-नारिंगीत ८.७. फुकटात काम होईल ना?

सोल्डरकाका
मीटरवर ७ दिसतील, पण तो करंट ५ व्होल्टच्या पट्टीत (म्हणजे लाल वायरीच्या आउटपुटमध्ये) उलटा ढकलला जातो. ती पट्टी करंट द्यायला बनवली आहे, घ्यायला नाही. तिच्यावर दुसरा पुरेसा भार नसेल तर तिचा व्होल्टेज चढतो आणि सप्लाय बंद पडतो. नुसते पिवळी-काळीवर १२ घ्या आणि पुढे डायोड लावा. एक मात्र विसरू नका: हा सप्लाय १२ वर पंधरा-वीस अँपिअर सहज देतो. गाडीची, पट्टीवरून वीज घेणारी तांब्याची वेणी आडवी पडून ट्रॅकच्या दोन्ही पट्ट्यांना टेकली तर पट्टीचं प्लास्टिक वितळेल. प्रत्येक लेनला २ अँपिअरचा फ्यूज हवाच.

फ्यूजपेक्षा मला आवडतो तो मोटारीच्या ब्रेकलाइटचा बल्ब, १२ व्होल्ट २१ वॉट, लेनच्या मालिकेत. गाडी नीट चालते तेव्हा फिलामेंट थंड असतं, त्याचा रोध अगदी कमी, काही कळतही नाही. शॉर्ट झाला की बल्ब भक्कन पेटतो आणि करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊ देत नाही. मुलांना शिकवून ठेवायचं, दिवा लागला की गाडी उचला. फ्यूज बदलत बसायला नको.

रातराणी
बल्बची कल्पना फारच आवडली. दोन्ही लेनला लावणार.

डायोडचा निकाल सांगते. पाच १एन५४०८, प्रत्येकी सहा रुपये. कंट्रोलरच्या वायरीत माळ घातली, वर उष्णतेनं आवळणारी नळी चढवली. मुलाच्या लेनवर गाडी धावताना ८.४ व्होल्ट. त्यानं चाप पूर्ण दाबून सलग अकरा फेऱ्या मारल्या. अकरा! बाराव्याला पडली ती ताईच्या गाडीला धडकून.

आता पुढचा प्रश्न त्यानंच विचारला, “आई, मला थोडी जोरात करता येईल का?” प्रत्येक वेळी डायोड काढणं-घालणं नको वाटतं. फिरवता येईल असं काही?

यॉर्कशायरकर
वाचून आनंद झाला. इथे हॅरोगेट जवळच आहे, तिथल्याच खेळण्यांच्या प्रदर्शनात १९५७ साली फ्रेड फ्रान्सिस यांनी स्केलेक्स्ट्रिक हा स्लॉट कारचा सेट पहिल्यांदा मांडला. मी ज्या क्लबात जातो तिथे १:३२ च्या गाड्यांचे चुंबक काढून १० ते १२ व्होल्टवर शर्यती होतात. चुंबक असलेल्या गाडीला जास्त व्होल्टेज लागतो, कारण ती पट्टीला चिकटून राहते. चुंबक काढला की तीच गाडी १२ वर हाताबाहेर जाते. म्हणजे व्होल्टेज बदलायची सोय फक्त लहान मुलांसाठी नाही, मोठ्यांनाही गाडीप्रमाणे व्होल्टेज बदलावा लागतो.

ताई, एक गोल खटका घ्या, एक ध्रुव, सहा जागा. डायोडच्या माळेतल्या प्रत्येक जोडावरून एक वायर खटक्याला. जागा १ ला पाच डायोड, जागा ६ ला एकही नाही. ०.७ च्या पायऱ्या मिळतील. खटका निदान दोन अँपिअरचा बघा.

वळणवाट
किंवा बक मॉड्यूल, म्हणजे व्होल्टेज खाली आणणारं तयार बोर्ड. एलएम२५९६ चं छोटं निळं बोर्ड, पुण्यात तपकीर गल्लीत मला साठ रुपयांना मिळालं. आत १२ द्या, बाहेर प्रीसेट (बोर्डावरचा पेचकसानं फिरवायचा बारीक रेझिस्टर) फिरवून हवे तेवढे घ्या. नावाला तीन अँपिअर, दीड-दोनपर्यंत न तापता देतं, १:४३ च्या एका गाडीला भरपूर. त्याला स्वतःसाठी दीडेक व्होल्टचं अंतर लागतं, म्हणून १२ आत असतील तर बाहेर साडेदहापर्यंतच. तुमच्या कामाला तेवढं पुष्कळ.

एलएम३१७ या रेग्युलेटर चिपचाही रस्ता आहे, दोन रेझिस्टर आणि एक पॉट (गोल बटणानं फिरवायचा रेझिस्टर), पण तो जास्तीचा व्होल्टेज उष्णतेत घालवतो. १२ चे ८ करून अर्धा अँपिअर घेतला तर २ वॉट, हीटसिंक लागेलच. बकमध्ये तो त्रास नाही.

भंगारातून_सोनं (औरंगाबाद)
लॅपटॉपचा जुना १९ व्होल्टचा अडॅप्टर आणि पुढे बक, ही माझी आवडती जोडी. दुरुस्तीवाल्यांकडे असे अडॅप्टर पडून असतात. मधली बारीक पिन असेल तर ती फक्त लॅपटॉपला ओळख पटवायची, सोडून द्या. सव्वा व्होल्टपासून १७ पर्यंत काहीही मिळवा.

सोल्डरकाका
मोठ्यांच्या ट्रॅकला उत्तम. सहा वर्षांच्या मुलाच्या लेनला मी १९ आत देणार नाही, आणि कारण सांगतो.

या निळ्या बोर्डावर आउटपुटचा एक अंश प्रीसेटमधून चिपकडे परत जातो. तो बघून चिप ठरवते किती द्यायचं. लोक काय करतात, प्रीसेट काढून लांब वायरीवर बाहेर पॉट लावतात. ती वायर सुटली, किंवा स्वस्त पॉटचा सरकता काटा क्षणभर उचलला गेला, की चिपला वाटतं आउटपुट शून्य आहे, आणि ती सगळाच्या सगळा इनपुट पुढे ढकलते. गाडीला थेट १९. एक तर मोटर जाईल, नाहीतर गाडी कोणाच्या डोळ्याकडे जाईल.

म्हणून आत १२ च द्या. तेच बोर्ड, तोच बिघाड, पण वाईटात वाईट १२ मिळतील, आणि तुमचा सेट मुळात १४.८ चा आहे. घरात जुन्या सेट टॉप बॉक्सचा किंवा राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर पडला असेल तर तोही चालेल, फक्त एका लेनपुरता. छप्पर आधी ठरवायचं, मग खाली हवं तेवढं फिरवायचं. आणि बाहेर पॉट लावायचाच असेल तर जुना प्रीसेट काढण्याऐवजी त्याच्या दोन पायांना समांतर लावा. पॉट सुटला तरी प्रीसेटनं ठरवलेल्या कमाल आकड्यावर व्होल्टेज थांबेल, वर जाणार नाही.

वळणवाट
काका, समांतरचं मला सुचलं नव्हतं. आजच माझ्या पेटीत बदल करतो.

रातराणीताई, बक लावताना माळ जिथे होती तिथे लावता येणार नाही. बकला वजा टोकही लागतं. जिथे अडॅप्टरची पिन जाते तो ट्रॅकचा तुकडा उलटा करा, बहुतेक चार स्क्रू असतात. सप्लाय काढून ठेवा आणि मीटरवर दोन लेनच्या चारही पट्ट्यांत कोणत्या दोन आपसात जोडलेल्या आहेत ते बघा. वजा सामायिक असेल तर सरळ आहे: मुलाच्या लेनची अधिक बाजूची जोडणी तोडून तिथे बकचं अधिक आउटपुट. एलएम२५९६ च्या बोर्डावर आतलं आणि बाहेरचं वजा एकच असतं. अधिक सामायिक निघाली तर हे जमणार नाही, मग मुलाच्या लेनला संपूर्ण वेगळा अडॅप्टर.

आणि करंट मर्यादा असलेलं एक्सएल४०१५ चं बोर्ड घेऊ नका या कामाला. त्यात वजा वायरीत करंट मोजणारा रोध असतो. दोन्ही लेनचं वजा एक असलं की तो रोध ओलांडला जातो आणि मर्यादा काम करत नाही.

मीपणखेळतो (इंदूर)
माझा सेट डिजिटल आहे, एकाच लेनमध्ये दोन गाड्या धावतात आणि लेन बदलतात. त्यालाही डायोड लावू का?

वळणवाट
नका लावू. डिजिटल सेटमध्ये पट्टीतूनच गाड्यांना संदेश जातात, व्होल्टेज खाली आणला की गाडीतला डीकोडर गोंधळतो. त्या सेटच्या कंट्रोल युनिटवर बहुतेक वेळा गाडीचा कमाल वेग ठरवायची सोय असते. तीच वापरा.

रातराणी
झालं! वजा सामायिकच निघालं. बक, पॉट समांतर, प्रीसेटवर कमाल १० व्होल्ट, दोन लेनला दोन ब्रेकलाइटचे बल्ब. सगळं एका प्लास्टिकच्या डब्यात. डायोडसकट एकूण २९० रुपये. पॉटवर मुलानं स्वतः रंगीत पेनानं खुणा केल्या आहेत. ८ ला कासव, ९ ला ससा, १० ला विमान. सध्या ससा आणि विमान यांच्या मध्ये असतो, आणि काल पहिल्यांदा त्यानं वळणाआधी चाप स्वतःहून थोडा सोडला. ताई आता तक्रार करते की तिच्या लेनलाही गोल बटण हवं.

एक गोष्ट राहिली. सप्लायपासून सर्वात लांबच्या वळणावर, दोन गाड्या धावत असताना, मुलीच्या लेनवर मला १०.९ च दिसतात, पिनेपाशी १२ असूनही.

सोल्डरकाका
एका जोडापासून दुसऱ्यापर्यंत मोजत या. जिथे एकाच सांध्यावर ०.२ च्या वर पडतो तो सांधा सैल किंवा काळा झालेला. आयसोप्रोपाइलनं पुसा, पितळी जीभ पक्कडनं हलकी आवळा. तरीही पडत असेल तर १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेऊन सप्लायपासून लांबच्या टोकाला खालून दुसरी जोडणी द्या, प्रत्येक पट्टीला वेगळी. अधिक-वजा अदलाबदल होणार नाही हे मीटरवर दोनदा बघा. मुलाच्या लेनची अधिक वायर बकच्या आउटपुटवरूनच घ्यायची, सप्लायवरून नाही.

रातराणी
चौथ्या सांध्यावर ०.६ सापडले. जीभ काळी पडली होती. उद्या ताईच्या बटणाचं दुसरं बोर्ड आणायला जाते तेव्हा वायरही घेते.